आईचा ऑक्सिजन ९८ आहे, तरी जिना चढताना धाप का लागते? (मदत हवी आहे)

तिसरामजला:
आम्ही परळला चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. आई ५८ वर्षांची. दोन महिन्यांपासून जिना चढताना मध्येच कठडा धरून उभी राहते. सकाळी नळाला पाणी येतं तेव्हा एक कळशी आणली तरी तिच्या छातीत धडधडतं. चेहरा पांढरा पडलाय. रोज बघत असल्यामुळे माझ्या ते उशिरा लक्षात आलं, याचं फार वाईट वाटतं.

रक्ताचा रिपोर्ट: हिमोग्लोबिन ७.८, एमसीव्ही (तांबड्या पेशींचा सरासरी आकार) ६८, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) ६. डॉक्टर म्हणाले, लोह खूप कमी झालंय. गोळ्या दिल्या. पाळी जाऊन सहा वर्षं झाली, मग रक्त जातंय कुठे ते बघायला हवं, म्हणून पोटाची आणि आतड्याची स्कोपी (दुर्बिणीने तपासणी) सांगितली.

आई ऐकत नाही. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर बोटाला लावते, ९८ येतं, आणि म्हणते, "बघ, प्राणवायू भरपूर आहे. वय झालं, म्हणून दमते. स्कोपीबिपी काही नको." शेजारच्या काकांनीही तेच सांगितलं. तेव्हा आपण सगळेच त्या आकड्यावर जीव टांगून बसायचो, त्यामुळे तिला दोष तरी कसा देऊ? पण प्राणवायू भरपूर असेल तर धाप का लागते? आणि भाड्याने ऑक्सिजनचं मशीन आणलं तर तिला बरं वाटेल का? कुणीतरी नीट समजावून सांगा, म्हणजे मला तिला सांगता येईल.

सुमतीकाकू:
अगं, बीट, गूळ-शेंगदाणे आणि खजूर सुरू कर. आमच्याकडे सुनेला याने फरक पडला होता. आणि यंत्र लावताना नेलपॉलिश नको, हात गार नको, नाहीतर आकडा चुकतो.

काचपट्टी:
मी २२ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलंय. ताई, तुमच्या आईचं यंत्र बरोबर आहे आणि रिपोर्टही बरोबर आहे.

ऑक्सिमीटर बोटातून लाल आणि अवरक्त असा दोन प्रकारचा प्रकाश सोडतो. प्राणवायू घेतलेलं आणि न घेतलेलं हिमोग्लोबिन तो प्रकाश वेगवेगळा शोषतं, त्यावरून टक्केवारी निघते. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७० च्या दशकात शोधलेली ही युक्ती. पण रक्तात हिमोग्लोबिन मुळात किती आहे, हे त्या यंत्राला कळत नाही.

तुम्ही कळशीचं लिहिलंत, तर आईला तसंच सांगा. नळाला पाणी जोरात आहे, म्हणजे फुप्फुसं चांगली आहेत. प्रत्येक कळशी काठोकाठ भरतेय, तेच ते ९८. पण घरात तेरा-चौदा कळश्या होत्या, तिथे आता आठसुद्धा उरलेल्या नाहीत. मग पाणी पुरवायला खेपा वाढवाव्या लागतात. त्या खेपा हृदय मारतं, म्हणून धडधड.

हिशोब असा: १ ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली प्राणवायू धरतं. १०० मिली रक्तात हिमोग्लोबिन १३.५ ग्रॅम असेल तर प्राणवायू जवळपास १८ मिली, आईच्या ७.८ ला फक्त १० मिलीच्या आसपास. शांत बसलेल्या शरीराला दर १०० मिलीमागे साधारण ५ मिली लागतो, तेवढा अजून भागतो. शिवाय अशा वेळी तांबड्या पेशींत डीपीजी नावाचा पदार्थ वाढतो आणि हिमोग्लोबिन प्राणवायू लवकर सोडतं. म्हणून बसल्या जागी त्या बऱ्या दिसतात. जिन्यावर मांड्यांच्या स्नायूंची मागणी कितीतरी पटींनी वाढते, शिल्लक उरत नाही, लॅक्टिक आम्ल साचायला लागतं आणि श्वास जोरात चालतो.

आणखी एक, जे फारसं कुणी सांगत नाही. प्राणवायू पेशीत पोचल्यावर मायटोकॉन्ड्रियात (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागांत) वापरला जातो, आणि तिथल्या प्रथिनांनाही लोहच लागतं. म्हणजे लोह कमी झालं की वाहतूकही अडते आणि वापरही. नुसता थकवा येतो तो यामुळेही.

मशीनवर पैसे घालू नका. ९८ चे १०० झाले तर दर १०० मिली रक्तात ०.२ मिलीची भर. रक्ताच्या पाण्यात थेट विरघळतो तोही नेहमी ०.३ मिलीच असतो, मशीनने थोडा वाढेल, बस. भरलेल्या कळशीवर नळ सोडून ठेवल्यासारखं आहे ते.

काकू, खाणं हवंच, पण फेरिटिन ६ असताना ते एकटं पुरणार नाही. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्यावी, चहा तासभर लांब ठेवावा. हृदयाचा स्नायू शांत असतानाही मिळालेल्या प्राणवायूतला बराचसा काढून घेतो, त्याच्याकडे शिल्लक अशी नसतेच. म्हणून छातीत दुखलं, चक्कर आली किंवा बसूनही धाप लागली, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा. आणि स्कोपी टाळू नका, हे कळकळीने सांगतो. या वयात लोह असं रिकामं होतं तेव्हा पोटात कुठेतरी थोडं थोडं रक्त जात असण्याची शक्यता बघावीच लागते. अल्सर असेल, आणखी काही असेल; वेळेत सापडणं महत्त्वाचं.

तिसरामजला:
काचपट्टी दादा, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. रात्री जेवताना आईला कळश्यांचं सांगितलं. बराच वेळ गप्प बसली. मग स्वतःच म्हणाली, "मग बाकीच्या कळश्या गेल्या कुठे?" मी म्हटलं, तेच बघायला स्कोपी. काही बोलली नाही, पण सकाळी डॉक्टरांचा नंबर मागितला.

पुढच्या गुरुवारची वेळ मिळालीय. आतड्याच्या स्कोपीआधी लोहाच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवायला सांगितल्यात. आदल्या दिवशी पोट साफ व्हायचं औषध घ्यायचंय आणि आमचा संडास मजल्याच्या टोकाला, सामायिक आहे. चाळीत राहून हे कुणी केलंय का? त्या रात्रीची सोय कशी केलीत?