असईचा सिनारिओ: शिंद्यांच्या कंपूंना 'ड' दर्जा? कशासाठी?

गोलंदाज_गल्ली
परवा इथे आपल्या षटकोनी घरांच्या संगणकी युद्धखेळासाठी असईच्या लढाईचा (वेलस्लीचे इंग्रज विरुद्ध शिंदे-भोसले, २३ सप्टेंबर १८०३) सिनारिओ, म्हणजे खेळायचा प्रसंग, चढवला गेला. सोबत टीप: "मराठा पायदळ ड दर्जाचं ठेवलंय, नाहीतर इंग्रज जिंकतच नाहीत." (अ दर्जा कणखर, ड कच्चा.) प्रतिसादात मावणार नाही म्हणून वेगळा धागा.

शिंद्यांचा सेनानी पोहलमन, त्याच्या हाताखाली तीन कंपू (कवायती पलटणींच्या ब्रिगेडी), सुमारे १०,८०० कवायती शिपाई. फळीचं तोंड दक्षिणेला, खेळणा नदीकडे. वेलस्ली डाव्या बगलेवर उतरतोय हे कळताच ही फळी काटकोनात वळली आणि डावं टोक असई गावाला टेकवून पूर्वेकडे तोंड करून उभी राहिली. खेळाच्या इंजिनात (नियम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) ड दर्जाच्या पलटणींना ही चाल करायला लावून बघा, निम्म्या विस्कळीत होतात. वेलस्लीचे ४२८ ठार आणि ११३८ जखमी झाले. ते काय पेंढाऱ्यांनी केले?

दर्जा ब द्या, कात्री सेनापतींना लावा. दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले नकाशावर नकोतच. पोहलमनची हुकमत-त्रिज्या (त्याचा हुकूम पोहोचतो ते अंतर) ३ घरं ठेवा. विस्कळीत पलटणी आपोआप उशिरा सावरतील.

षटकोन_शहाणा
सिनारिओ माझाच आहे, त्यामुळे उत्तर देणं आलं. ते ठार-जखमी पायदळाने नाही, तोफांनी केले. इंग्रजांची ७८वी पलटण संगीन रोखून आली तेव्हा तुमचं ब दर्जाचं पायदळ थांबलं का?

आणि हिशोब करा. दोन नद्यांमधली जागा जेमतेम दीड किलोमीटर. १०० मीटरचं एक घर धरलं तर फळी १५-१६ घरांची, तोफा शंभराच्या आसपास, म्हणजे घरामागे सहा. त्यांच्यामागे ब दर्जाचं पायदळ उभं केलं की साडेचार हजारांची इंग्रज फौज छर्‍यांत संपते आणि हातघाई होतच नाही. ड काढा म्हणणारे हे गणित कधी मांडत नाहीत.

गोलंदाज_गल्ली
गणित बरोबर, औषध चुकीचं. मारा जास्त वाटतो तर तोफांचा मारा-गुणक कमी करा, माणसांना का भ्याड करता? आणि तुमच्या फाइलमध्ये तोफांमागच्या तुकड्या एकाच घरात रचल्यात. त्या एक घर मागे घ्या, म्हणजे तोफा पडल्यावर पायदळाला गोळी झाडायला एक चाल मिळते.

खरा घोळ वेगळाच आहे. तोफा हस्तगत होताच इंजिन त्या इंग्रजांना देऊन टाकतं. प्रत्यक्षात इंग्रज फळी पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेतलेले गोलंदाज उठले आणि पाठीमागून मारा सुरू केला. वेलस्लीला तोफा घ्यायला परत वळावं लागलं. तेव्हा हस्तगत करण्याचा पर्याय बंद, तोफा 'बिनगोलंदाज' होऊ द्या. गोलंदाजांच्या ४०-४० माणसांच्या तीन तुकड्या कुमक म्हणून सातव्या चालीला, ५० टक्के शक्यतेने, त्याच घरांत आणा. घरात शत्रू उभा असला तर कुमक येत नाही, म्हणून शेजारचं घर पर्यायी लिहा. हे विसरलात तर काहीच घडत नाही आणि मग 'इंजिन खराब' म्हणून धागा निघतो.

भालाईत
दोघेही घोडदळ सोयीस्कर विसरताय. तीस हजारांच्या आसपास स्वार! अडीचशेच्या तुकड्या केल्या तर १२० सोंगट्या. खेळाडू त्या लढायला वापरत नाही, वाट अडवायला वापरतो. जिकडे बघावं तिकडे घोडी.

षटकोन_शहाणा
म्हणून सगळं घोडदळ गोठवलंय. असईजवळच्या चारच तुकड्या सुटतात आणि त्याही इंग्रजांची ७४वी पलटण गावापासून चार घरांत आली की. ऑरॉकचे पिकेट (आघाडीच्या पहारा-तुकड्या) आणि ७४वी गावाच्या दिशेने भरकटून कापले गेले, तो प्रसंग यातून जमतो. मग मॅक्सवेलच्या १९व्या ड्रॅगून्सना (इंग्रज घोडदळाला) धावून जायला कारणही मिळतं.

नदीकाठ
अवांतर आहे, पण राहवत नाही. नदीचा उतार (पाणी ओलांडायची उथळ जागा) नकाशावर उघडा दाखवलाय! वाटाडे म्हणत होते उतार नाही. दोन गावं दोन काठांवर समोरासमोर दिसली म्हणून वेलस्लीने तो ताडला. तुमच्या नकाशावर मराठा खेळाडू पहिल्याच चालीत तिथे सहा तोफा लावतो. खेळ खलास.

षटकोन_शहाणा
मग काय, इंग्रज आधीच उतरलेले दाखवू?

नदीकाठ
ते तर त्याहून वाईट. जुगार तोच होता. दोन फाइली करा, नाव एकच. एकीत इंग्रज फौज समोरच्या उतारावरून येते, दुसरीत पूर्वेच्या. इंग्रज खेळाडू गुपचूप एक निवडतो. प्रतिपक्षाची कुमक-यादी झाकलेली असली की झालं.

भालाईत
आणि फाइल उघडून बघणाऱ्याचं काय? साध्या मजकूर-संपादकात उघडते ती.

नदीकाठ
फसवायचंच असेल तर बुद्धिबळातही पटाखाली हात घालता येतो. प्रामाणिक लोकांशी खेळा.

भालाईत
हे टोमणे कशाला? माझा प्रश्न रास्त होता.

गोलंदाज_गल्ली
नदीवर धागा वाहून चाललाय. बाय द वे, सप्टेंबर असूनही तिथे जमीन 'कोरडी' आहे. किमान ओढ्याकाठची घरं चिखलाची करा. वेलस्लीच्या तोफा बैल ओढत होते आणि बैल मेले की तोफ जागीच बसायची. त्यासाठी पहिल्या नुकसानीनंतर त्यांची गती शून्य हवी.

षटकोन_शहाणा
बैलांचं घेतो. पायदळाला क देतो, ब नाही. क मध्ये फळी वळते आणि संगिनीपुढे हटतेही. उभारा माझा पुतळा.

गोलंदाज_गल्ली
पुतळा नंतर. आधी गुणपद्धत बघा. इंग्रजांचे १५८४ ठार, जखमी आणि बेपत्ता, म्हणजे लढलेल्या फौजेचा तिसरा हिस्सा. तुमच्या फाइलप्रमाणे हा त्यांचा 'मोठा पराभव' ठरतो. ९८ तोफा हाती आल्या, त्यांना एकेक गुण? किमान दहा द्या.

षटकोन_शहाणा
दहा दिले की इंग्रज खेळाडू फक्त तोफा टिपत फिरेल. सहा.

गोलंदाज_गल्ली
आठ.

नदीकाठ
उताराचं काय ठरलं?