हेडलाईटच्या पिवळ्या पडलेल्या काचा : घासून क्लिअर मारावा की नवीनच बसवाव्यात? (मदत हवी आहे)

गिरणाकाठ (चाळीसगाव)

राम राम मंडळी. गाडी २०१२ची पेट्रोल हॅचबॅक. इंजिनाची काही तक्रार नाही, पण हेडलाईटच्या दोन्ही काचा धुरकट होऊन पिवळ्या पडल्यात. (काच म्हणायची सवय, आहे प्लास्टिकच.) उजवी जास्त खराब आहे. गल्लीत गाडी दक्षिणेकडे तोंड करून उभी असते, त्यामुळे दुपारनंतरचं सगळं ऊन उजव्या बाजूवर. खान्देशातलं एप्रिल-मेचं ऊन मी काय सांगायचं!

गावात फिरताना निभावून जातं. पण मुलगी संभाजीनगरला शिकायला आहे, तिला सोडून येताना कन्नड घाटात हमखास रात्र होते. गेल्या पावसाळ्यात धुकं, त्यात समोरून ट्रकवाल्यांचे अप्पर, आणि आपल्या लाईटचा उजेड बोनेटपुढेच विरून जातोय. कठडा कुठे नि रस्त्याची कड कुठे, कळेना. बल्ब नवीन टाकले, फरक शून्य.

दिवाळीत एकाकडून पॉलिश करून घेतलं होतं. तेव्हा लखलखीत झालं, होळीपर्यंत पुन्हा जैसे थे. आता शेजारी म्हणतो टूथपेस्ट लाव. पेंटर म्हणतो घासून बॉडीचाच क्लिअर (रंगावर मारतात तो पारदर्शक थर) मारतो. स्पेअरवाला म्हणतो जोडी बदला, सात हजारांच्या आसपास जाईल.

घरी करायचं तर कितव्या नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर) घ्यायचा? बॉडीचा क्लिअर या प्लास्टिकवर धरतो का? पावसाळ्याआधी उरकायचं आहे.

भरीतपुरी (जळगाव)

भाऊ, पेस्टना नाद सोडी दे. दात घास तिनी.

पेस्टमध्ये बारीक खर असते, वरचा मळकट थर थोडा निघतो, एवढंच. आणि कोणी मच्छर पळवायचा स्प्रे मारून पुसायला सांगेल, व्हिडिओ फिरतायत तसले. त्यातल्या डीटने प्लास्टिकचा वरचा थर विरघळतो. क्षणभर चकचकीत दिसतं, मागे चिकट, कमजोर पृष्ठभाग उरतो. पेट्रोल आणि थिनरही लांब ठेवा, पॉलीकार्बोनेटला (या काचेचं प्लास्टिक) त्याने बारीक तडे जातात.

वॉटरपेपर (धुळे, डेंटिंग-पेंटिंगच्या धंद्यात आहे)

दादा, आधी एक करा. काच धुऊन घ्या आणि ओली असतानाच निरखून बघा. ओली असताना बरीचशी स्वच्छ दिसली तर खराबी फक्त वरच्या थरात आहे, घासून काम होईल. ओल्या काचेतही बारीक रेघांचं जाळं दिसलं, किंवा धुरकटपणा आतल्या बाजूने असला, तर बाहेरून घासून उपयोग नाही. आतल्या रिफ्लेक्टरची चांदीही बघा. ती काळवंडली असेल तर काच आरपार दिसूनही उजेड पडणार नाही.

आता तुमचं पॉलिश का टिकलं नाही ते. पॉलीकार्बोनेट दणकट, दगड लागला तरी सहसा फुटत नाही, पण उन्हातल्या अतिनील किरणांपुढे त्याचं काही चालत नाही. म्हणून कंपनी त्यावर कडक पारदर्शक लेप देते. ऊन-धुळीने तो लेप मरतो, तेच हे पिवळेपण. पॉलिशवाल्याने मेलेला लेप काढला आणि प्लास्टिक उघडं सोडून दिलं. घासून चमकवणं निम्मं काम, नवा लेप देणं हे खरं काम, आणि तेच लोक गाळतात.

घरी करायचं तर चारी बाजूंनी बोनेट-बंपरवर मास्किंग टेप डबल लावा. पेपर पाण्यात भिजवून घ्या. लेपाचे पापुद्रे निघत असतील तर ८०० पासून, नाहीतर १००० पासून सुरुवात. आधी ओघळणारं पाणी पिवळट येतं. सगळीकडून सारखं पांढरट यायला लागलं की जुना लेप निघाला असं समजा. कडेला पिवळा पट्टा राहिला तर क्लिअरखालून तो कायम दिसत राहतो, तिथे कंटाळा करू नका. मग १५००, शेवटी २०००. प्रत्येक नंबरला हाताची दिशा बदला, आधी आडवी तर मग उभी, म्हणजे मागच्या पेपरच्या रेघा गेल्या की नाही ते कळतं. हे झाल्यावर काच दुधाळ दिसेल. घाबरू नका.

क्लिअर मारायचा असेल तर मध्ये रबिंग कंपाउंड लावून चमकवत बसू नका. तेलकटपणा राहिला की क्लिअर सुटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि पुन्हा बोट लावू नका.

बॉडीचा टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनरवाला, यावर चालतो. डब्यावर यूव्ही (अतिनील) संरक्षण लिहिलेलं असावं. पहिला हात अगदी पातळ, जाड ओला थर दिला तर त्यातल्या सॉल्व्हेंटनेच प्लास्टिकला तडे जातात. पुढचे हात डब्यावर लिहिलेलं अंतर ठेवून. ऊन चढायच्या आत, सावलीत, वारा पडलेला असताना मारा. तापलेल्या काचेवर क्लिअर पसरण्याआधीच सुकतो आणि संत्र्याच्या सालीसारखी खरखर येते. आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. कार्ट्रिजवाला मास्क नसेल तर हे काम पेंटरलाच द्या.

दीपस्तंभ_नाही (नंदुरबार)

स्प्रेचा व्याप नको असेल तर हेडलाईटवर पीपीएफची (गाडीचा रंग जपायला चिकटवतात ती) पारदर्शक फिल्म लावतात, तीही ऊन अडवते. मात्र काच आधी पूर्ण पॉलिश लागते, फिल्मखाली एक ओरखडा लपत नाही.

बल्बबद्दल : एच-४ (अप्पर-डिपर एकाच बल्बमध्ये) असेल तर ६०/५५ वॅटचाच ठेवा. १००/९० टाकला की होल्डर वितळतो आणि रिफ्लेक्टर जळतो. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये स्वस्त एलईडी टाकला तर उजेड वाट्टेल तिकडे फाकतो, घाटात समोरच्याचे डोळे दिपतात. समोरचा आंधळा झाला तर धोका आपल्यालाच.

गिरणाकाठ

वॉटरपेपर दादा, मानलं. पाणी मारून बघितलं. डावी एकदम साफ दिसते. उजवीत मात्र वरच्या कोपऱ्यात केसासारख्या रेघा आहेत, नखाला लागत नाहीत, पण टॉर्च तिरकी धरली की चमकतात. चांदी दोन्हींची चांगली आहे. उजवी जास्त घासली तर?

वॉटरपेपर

नखाला लागत नाहीत म्हणजे रेघा प्लास्टिकच्या आत आहेत. त्या जाईपर्यंत घासाल तर काच पातळ होईल आणि क्लिअर मारताना तडे आणखी उघडतील. डावी घासून क्लिअर मारा, उजवी तेवढी नवीन घ्या. जोडी घ्यायची गरज नाही. शक्यतो मूळ मेकचीच घ्या, लोकल मालात फोकसची कटलाईन (डिपरच्या उजेडाची वरची कड) पुष्कळदा धड नसते.

गिरणाकाठ

एक नवी आणि एक जुनी, उजेडात फरक नाही का पडणार?

वॉटरपेपर

थोडा पडेल, रंगात जास्त. फोकस मात्र नक्की बिघडलेला असणार, कारण उजवी बाजू पूर्ण उघडून बसवली जाईल. टायरमध्ये हवा बरोबर भरून, सपाट जागेवर, भिंतीसमोर दोन्ही डिपर बघा. वरची कड दोन्हींची सारख्या उंचीवर आली पाहिजे. मागचे स्क्रू फिरवून जमतं. नाही जमलं तर धुळ्याला कधी आलात की गाडी दाखवा.

भरीतपुरी

आणि दादा, आता गाडी उत्तरेकडे तोंड करून लावत जा. नवीन काच उजवी आहे!

गिरणाकाठ

मग डावीवर ऊन येईल की हो. शेडनेटचा तुकडा बांधतो बोनेटवर. सोमवारी डावीचं घासकाम सुरू, फोटो टाकतो.