‘कुरकुर नको, उपकार माना’ : गटारात उभं राहूनसुद्धा?

वाडीवाला_वसई
आमच्या पॅरिशच्या ग्रुपवर सकाळी एक मेसेज फिरला. गल्लीत पाणी तुंबो, टँकर चुको, शेजारी फाटकात गाडी लावो, ख्रिस्ती माणसाने कुरकुर करू नये. बायबलमध्ये प्रेषित पौलाने थेस्सलनीकरांना पत्रात लिहिलंय तसं सर्व स्थितीत उपकार मानावेत. खाली जोडलेल्या हातांची रांग. मी हात न जोडता इथे लिहितोय.

तोच पौल फिलिप्पै शहरात काय करतो? बायबलमधलं ‘प्रेषितांची कृत्ये’, अध्याय 16. पाठीवर छड्यांचे वळ, तुरुंगात पाय खोड्यात, आणि मध्यरात्री तो नि त्याचा सोबती सीला स्तोत्रं म्हणतात. प्रवचन इथेच संपतं. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप येतो, सुटलात, जा. पौल म्हणतो, आम्ही रोमन नागरिक, चौकशी न करता चारचौघांत मारलंत, आता गुपचूप घालवता? स्वतः या आणि बाहेर न्या. आणि ते येतात, विनवण्या करतात! स्तोत्रही म्हटलं, जाबही विचारला. आपण पहिला भाग लॅमिनेट करून भिंतीवर लावला, दुसरा कोणी वाचतच नाही.

आमच्या आळीतलं बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं जुनं तळं, डेब्रिज टाकून बुजवलं. आता पहिल्या पावसात ओटीवर पाणी. याचे उपकार नक्की कोणाचे मानू?

मोगरा
मेसेज माझा होता. नाव न घेता धुतलंत, त्याबद्दल आभार.

फाटकातली गाडी माझ्याच फाटकातली आहे. दोन वर्षं भांडले. यांचा बीपी वाढला, माझी झोप गेली, गाडी तिथेच. आता रोज रोझरीच्या प्रार्थनेनंतर दिवसातली एक चांगली गोष्ट मोठ्याने सांगायची, असा घरात नेम केलाय. काल धाकटा म्हणाला, आज टँकरवाल्याने पाइप आपणहून आत ओढून दिला. एवढंच. पण जेवताना शिव्या बंद झाल्यात.

खारट
आणि गाडी?

मोगरा
गाडी तिथेच आहे.

खारट
वा! म्हणजे फायदा गाडीवाल्याचा. ताई, असे चार भाविक शेजारी मला द्या, मी ट्रक लावतो.

नगरकर_पाळकपुत्र
आम्ही प्रॉटेस्टंट, तरी नाक खुपसतो. बायबलमधलं स्तोत्र 13 उघडा, सुरुवातच “कोठवर?” अशी आहे. स्तोत्रसंहितेत गाऱ्हाणी काढली तर पुस्तक निम्मं होईल. तेव्हा वाडीवाले बरोबर.

पण एक सांगतो. आमच्याकडे हंगामाच्या सणाला लोक ज्वारी, भोपळे, कोंबड्या मंदिरात आणतात, मग लिलाव होतो. 1972च्या दुष्काळात आजीने रिकामी पाटी नेऊन ठेवली. वडील पाळक, म्हणजे तिचेच जावई. म्हणाले, यात काय आहे? आजी म्हणाली, पिकलं तेवढं.

मोगरा
बघा, रिकामी पाटी घेऊन का होईना, गेली ना ती!

वाडीवाला_वसई
गेली आणि सगळ्यांना दाखवली. हीच तक्रार, ताई.

खारट
आजीला सोडा. बावखलाचं बोला. बुजवलं कोणी? बाहेरच्याने? नाही. वारस पाच ठिकाणी पांगले, गाळ काढायला कोणी येईना, डास झाले, मग ‘आपल्याच’ माणसाने भराव टाकून घेतला. रविवारी तो पहिल्या बाकावर असतो.

वाडीवाला_वसई
तुझा चुलता. बोल ना.

खारट
तोंड सांभाळून. तुमच्या घराचा जोता कुठल्या मातीवर आहे ते सांगू का सगळ्यांना?

केळीचा_लोंगर
दोघांनी थांबा जरा. बावखल म्हणजे नुसता खड्डा नव्हे, हे तरुण पोरांना माहीतच नाही. पावसाचं गोडं पाणी त्यात मुरायचं, आजूबाजूच्या विहिरींना पाझर असायचा, त्याच पाण्यावर केळी, पानवेली, भाजी. गोडं पाणी जमिनीत असलं की खाडीचं खारं आत सरकत नाही. जुलै 2018 मध्ये वसईत पाणी भरून लोकल बंद पडल्या, लोक दिवसेंदिवस अडकले, तेव्हा सगळ्यांना एकदम बावखलं आठवली. ओसरल्यावर पुन्हा भराव सुरू.

आणि आगेऱ्याला, म्हणजे आमच्या सुगीच्या सणाला, वेदीवर नवीन भाताची कणसं नेतो, ती आमच्या आळीत आता विकत आणावी लागतात. ज्या शेताचे उपकार मानायचे तिथे टॉवर. हिरवी वसई वाचवायला फादर दिब्रिटो रस्त्यावर उतरले, ते काय उपकार न मानणारे धर्मगुरू होते?

मोगरा
फादरांना मध्ये आणलं की आम्ही गप्प बसायचं, हा जुना डाव. मी कुठे म्हटलं मोर्चा काढू नका? रोज सकाळी उठून तोंड वाकडं करू नका, एवढंच म्हटलं. तुमच्यातले किती जण मोर्चाला जातात आणि किती जण फक्त टाइप करतात?

वाडीवाला_वसई
हे मात्र लागलं. बरं, बावखल मोकळं करून द्या असा अर्ज तयार आहे. सही कराल?

मोगरा
करते. पण मजकुरातलं ‘निर्लज्ज’ काढा. आणि रविवारी मिस्सेनंतर पायऱ्यांवर सह्या घ्या, आधी नको. आधी सगळे घाईत असतात, चिडतात.

वाडीवाला_वसई
काढलं. ‘बेजबाबदार’ चालेल? तुमचे उपकार ग्रुपवर मानतो, हात जोडून.

नगरकर_पाळकपुत्र
फिलिप्पैसारखं ‘स्वतः या’ असंही घाला.

खारट
चुलत्याचं नाव नसेल तर माझीही सही घ्या. असेल तर मी गाडीवाल्याच्या बाजूने.