बारावी कॉमर्स, मॅथ्स नव्हतं. कॅल्क्युलसच्या आधी नेमकं काय काय करू?

डिचोलीची_बाय
नमस्कार. यंदा गोवा बोर्डाची बारावी झाले, कॉमर्समधून. मॅथ्सच्या जागी दुसरा विषय होता. आता बीए इकॉनॉमिक्सला प्रवेश घेतलाय, पुढे एमएसाठी पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचा विचार आहे. सीनियर म्हणतात, गणिताचा पेपर आला की कॅल्क्युलस धाडकन सुरू होतं, मागचं कुणी शिकवत बसत नाही. नेटवर शोधलं तर कॉलेज अल्जेब्रा, अल्जेब्रा टू, ट्रिग्नोमेट्री, प्रीकॅल्क्युलस अशी रांगच लागली. सगळे करायचे? बाबा म्हणतात, साखळीला क्लास आहे, सायन्सच्या पोरांबरोबर अकरावीला बस. दहावीला गणितात ७८ होते. गणेश चवथीपर्यंत संध्याकाळी वेळ मिळेल. काय घेऊ, काय सोडू?

फर्मागुडी_हॉस्टेल
ट्रिग्नोमेट्री अजिबात सोडू नको. आमच्याकडे इंटिग्रेशनला अर्धी मुलं तिथेच अडकली. एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तक घे आणि पहिल्या पानापासून सगळं सोडव.

मडगावचो_न्यूजर्सीत
ती नावं इथली, अमेरिकेतली. इथल्या शाळेत साधारण अल्जेब्रा वन, जॉमेट्री, अल्जेब्रा टू आणि मग प्रीकॅल्क्युलस असा क्रम असतो. कॉलेजात आल्यावर प्लेसमेंट टेस्ट घेऊन कुठून सुरू करायचं ते ठरवतात. कॉलेज अल्जेब्रा आणि ट्रिग्नोमेट्री एकत्र केलं की जवळजवळ प्रीकॅल्क्युलसच होतं, म्हणजे तिन्ही करणं डबल काम. खान अकॅडमीवर प्रीकॅल्क्युलस फुकट आहे, पण आधी त्यांचं अल्जेब्रा टू बघ. आणखी एक, इथे कॉमर्स-इकॉनॉमिक्सवाल्यांना बऱ्याच कॉलेजांत वेगळं 'बिझनेस कॅल्क्युलस' असतं. त्यात ट्रिग्नोमेट्री नसल्यातच जमा.

जुना_मास्तर_फोंडा
बाय, हायर सेकंडरीला गणित शिकवण्यातच माझी सगळी नोकरी झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. फर्मागुडीच्या मुलाचं त्याच्या जागी बरोबर आहे. पण तू त्याच्यासारखी इंजिनीअर होणार नाहीस. तुला अख्खं पुस्तक नको. शांकव, त्रिमितीय भूमिती, संमिश्र संख्या आता बाजूला ठेव.

डेरिव्हेटिव्हची, म्हणजे बदलाच्या दराची, व्याख्या मुलांना कळते हो. अडतात ती पुढच्या ओळीला. १/(क्ष+ह) मधून १/क्ष वजा करायला सांगा, निम्मा वर्ग छेद समान करताना गडबडतो. कुणी (क्ष+ह)² चं क्ष²+ह² करून मोकळा होतो. हे नववी-दहावीचं बीजगणित. ७८ म्हणजे तुला ते येत होतं, पण दोन वर्षांत हात गेला असणार. म्हणून पहिला महिना फक्त तेच: अवयव पाडणं, अपूर्णांकातल्या राशी, घातांकाचे नियम, वर्गसमीकरण, असमानता. पेन-वहीवर. व्हिडिओ बघून हात बसत नाही.

मग फंक्शन आणि आलेख. इथे घाई करू नको, इकॉनॉमिक्स सगळं आलेखांतच बोलतं. सरळ रेषेचा चढ नीट समजून घे. क्ष नगांचा उत्पादन खर्च ५०० + २०क्ष + ०.५क्ष² असेल तर सीमांत खर्च, म्हणजे आणखी एक नग काढायला साधारण लागणारा खर्च, २० + क्ष. तो म्हणजे त्या खर्चाच्या वक्राचा प्रत्येक ठिकाणचा चढ. हे चित्र डोळ्यासमोर आलं की कॅल्क्युलसची भीती तिथेच संपते.

आणि लॉगॅरिदम! याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. एनसीईआरटीच्या अकरावीच्या पुस्तकात लॉगचं वेगळं प्रकरणच नाही, घातांकी आणि लॉग फंक्शन थेट बारावीत, सातत्य आणि डेरिव्हेटिव्हच्या प्रकरणात येतं. म्हणजे अकरावीचा क्लास लावलास तरी तुझी हीच जागा रिकामी राहील. तुला तर ते सगळ्यात जास्त लागणार. कॉब-डग्लसचं १९२८ चं उत्पादन फंक्शन, म्हणजे श्रम आणि भांडवल यांतून उत्पादन किती ते सांगणारं सूत्र, तुला शिकवतीलच. त्याचं लॉग घेतलं की गुणाकाराची बेरीज होते आणि घातांक पुढे गुणक म्हणून येऊन बसतात. लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते, ती काढायलाही लॉगच.

ट्रिग्नोमेट्री दोन आठवडे पुरे: रेडियन (अंशांसारखंच कोन मोजायचं दुसरं एकक), साइन-कोसाइनचे आलेख, मोजकी सूत्रं. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवून साइन ३० काढ, उणे ०.९८८ येतं. असं का, ते सांगता आलं की पुढे चल. शेवटी अकरावीचं लिमिट आणि डेरिव्हेटिव्हचं प्रकरण.

साखळीच्या क्लासचं म्हणाल तर मी नाही म्हणेन. तिथली पोरं जेईईच्या वेगाने धावतात. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा शंका विचारायला कुणी ओळखीचं मिळालं तर बघ.

डिचोलीची_बाय
सर, देव बरें करूं. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणतात मास्तर सांगतात ते ऐक. एकच शंका. पुढे कुणी बारावीला मॅथ्स होतं का असं विचारलं तर? कागद लागेल ना?

मडगावचो_न्यूजर्सीत
त्यासाठी एनआयओएस, म्हणजे केंद्राचं मुक्त विद्यालय बोर्ड, आहे. तिथे अख्खी बारावी परत न करता सुटे विषय घेता येतात, पार्ट अॅडमिशन म्हणतात त्याला. सीनियर सेकंडरीच्या मॅथेमॅटिक्सचा कोड ३११. माझ्या मावसबहिणीने तसंच केलं.

जुना_मास्तर_फोंडा
हो, पण आधी ज्या कॉलेजात जायचंय त्यांची अट वाच. मागत असतील तरच फॉर्म भर. आणि भरलास तर परीक्षा पुढच्या वर्षी दे गो, यंदा नको.