टर्बो बदलण्याआधी नळ्या बघा

चढावर अचानक ओढ जाते, बाजूला घेऊन बंद-चालू केली की गाडी पुन्हा पळते, आणि मेकॅनिक म्हणतोय टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) बदला? थांबा जरा. मेलेला टर्बो चावी फिरवून जिवंत होत नाही. ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गाडीला लिम्प मोडमध्ये टाकतोय, म्हणजे इंजिन वाचवायला ताकद कमी करतोय, असं दिसतंय.

स्कॅनर लावून आधी बिघाडाचा कोड वाचा, लगेच पुसू नका. पी०२९९ म्हणजे बूस्ट (टर्बोच्या हवेचा दाब) कमी, पी०२३४ म्हणजे जास्त. जास्त असेल तर व्हीजीटीच्या (हलत्या पात्यांच्या टर्बोच्या) पात्या काजळीने अडकत असतील.

माझी गाडी खंबाटकी चढताना असंच करायची. डिझेल फिल्टर बदलला, फरक शून्य. शेवटी सापडली ॲक्च्युएटरकडे (त्या पात्या हलवणाऱ्या भागाकडे) जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी. वरून अगदी धड, पण वाकवली तर खालच्या अंगाला केसाएवढी चीर. इंजिन गार असताना मिटलेली, तापलं की उघडायची. म्हणून गॅरेजात कधी दोष दिसलाच नाही. वीतभर नळीत काम झालं, आणि मी टर्बोचं कोटेशन घेऊन बसलो होतो!

इंटरकूलरच्या (टर्बोची हवा गार करणाऱ्या भागाच्या) होजच्या जोडांवर ताजं तेल ओघळलंय का, तेही बघा. आणि कोड काय येतो ते कळवा.