साठवण्याआधी वाचवणे

मुलांना बचतीची सवय लागावी म्हणून मातीचा गल्ला आणून द्यावा, असे अनेकजण सुचवतात आणि ती सूचना चांगलीच आहे. परंतु नुसती नाणी टाकत राहण्यात मुलांचे मन फार काळ रमत नाही. आम्ही ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात जाताना यादी आणि ठरावीक रक्कम मुलीच्या हाती देतो आणि चार ठिकाणी भाव विचारून जे उरेल ते तिचे, असा नियम ठेवतो. मेथीची जुडी उलटून देठ तपासायला ती तिथेच शिकली. मात्र पैसे वाचवण्यासाठी यादीतील वस्तू गाळायची नाही, हे आधीच स्पष्ट करावे. दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने 500 रुपये भरून बचत खाते उघडता येते. तिथली पैसे भरण्याची स्लिप त्यालाच लिहू द्यावी.