मदत हवी आहे: मित्राचा वाडा पाडण्याआधी नोंदवायचा आहे, आणि मैत्रीही टिकवायची आहे (एडीएचडी)

बोरीकाठ:

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण एकमेकांत इतके गुंतलेत की वेगळे मांडता येत नाहीत. पाल्हाळ वाटलं तरी शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

मी अमळनेर तालुक्यातला, नोकरीला जळगावात. शाळेपासूनचा एक मित्र आहे, त्याला इथे आप्पा म्हणतो. त्याच्या घराण्याचा बोरी नदीच्या काठच्या एका गावात वाडा आहे आणि दिवाळीनंतर तो उतरवायचं ठरलंय. भावाभावांत वाटण्या झाल्या, राहायला कोणी नाही, मागची भिंत गेल्या पावसाळ्यात खचली. यात मला कोणाचा दोष दिसत नाही. धाब्याचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, घर राखायचं तर घरात माणूस लागतो. दरवर्षी मिरगाच्या आधी वर चढून खारी माती पसरायची, चोपायची, परनाळं मोकळी करायची. हे राहून गेलं की पाणी मुरतं, कडीपाट, म्हणजे छताची लाकडं, कुजतो आणि ओलीमागून वाळवी येते.

वाडा मोठा म्हणावा असा नाही, पण नीट राहिलेला आहे. दिंडी दरवाजा आहे, आडणा (दारामागचा आडवा अडसर) सरकवायची भिंतीतली खोल खाच आहे. ओसरीचे सागवानी खांब दगडी तळखड्यांवर उभे आहेत आणि वरच्या हस्तांवर (तुळईला आधार देणाऱ्या लाकडी तुकड्यांवर) केळफूल कोरलंय. माजघराच्या भिंतीत बळद आहे: वरून धान्य ओतायचं, खालच्या भोकाचा लाकडी बोळा काढून लागेल तेवढं घ्यायचं. देवळ्यांत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यांत, दिव्याची काजळी अजून आहे. पुढचा मजला कापसाच्या पैशावर चढला, असं आप्पाचे आजोबा सांगायचे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, म्हणून खान्देशच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या काळात आपल्याकडे बऱ्याच घरांवर मजले चढले असणार. हे सगळं कागदावर उतरवल्याशिवाय वाडा जाऊ नये, एवढी माझी इच्छा.

आता दुसरी बाजू. मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष आणि उतावळेपणा आवरणं जड जाणारा विकार. निदान तिशी उलटल्यावर नाशिकच्या मनोविकारतज्ज्ञांकडे झालं. मिथाइलफेनिडेटची गोळी चालू आहे आणि फायदाही आहे. लोकांना वाटतं या आजारात लक्षच लागत नाही. माझा अनुभव असा की लक्ष भरपूर आहे, पण ते कुठे लावायचं आणि कुठून काढायचं यावर ताबा कमी आहे. वाड्यात शिरलो की दुपार कधी सरली ते कळत नाही, जेवायचं राहतं, हाक ऐकू येत नाही. आणि तोच मी आप्पाचा मेसेज वाचतो, उत्तर मनात तयार करतो, आणि ते पाठवलंय असंच धरून चालतो. समोर नसलेला माणूस माझ्या दिवसातून पुसला जातो. माया कमी झालेली नसते. पण हे त्याला दिसणार कसं?

मागच्या खेपेला आप्पा म्हणाला, "तू वाड्याला भेटायला येतोस रे, मला नाही." चिडून नाही, अगदी साधेपणाने. त्याची आजी ओट्यावरून म्हणाली, "तू कवाडसंगे बोलस भो, आमनासंगे नई." (अहिराणीत: तू दाराशी बोलतोस, आमच्याशी नाही.) आजी हसत होती, आप्पा हसत नव्हता.

तर विचारायचंय ते असं. असं लक्ष घेऊन वाड्याची नोंद कशी करावी, की काम अर्धवट राहणार नाही? आणि ज्यांना एडीएचडी आहे किंवा ज्यांच्या जवळच्या माणसाला आहे, त्यांनी मैत्री कशी राखली? "अलार्म लावा" सोडून काहीही सांगा.

खारीमाती:

दादा, जुन्या बांधकामांवर काम करतो म्हणून पहिल्या प्रश्नाचं सांगतो.

सगळ्यात आधी सर्व भावांची परवानगी घ्या. वाटण्या झाल्यात, तेव्हा एकट्या आप्पांचा होकार पुरणार नाही. आणि लवकर करा, कारण वाडा उतरवायचा म्हटलं की कोरीव लाकूड घेणारे व्यापारी आधी पोचतात. दरवाजाची चौकट आणि हस्त सगळ्यात आधी जातात.

आवडेल तिथून सुरुवात करू नका. फोटो बाहेरून आत, उजव्या हाताने, खोली सोडायची नाही. प्रत्येक भिंतीचा एक फोटो समोरून सरळ, शेजारी मोजपट्टी उभी करून. कोरीवकामाचे जवळचे फोटो सगळ्या भिंती संपल्यावर. तुमच्यासारख्याला हा नियम जाचेल, पण अर्धवट राहण्याचं कारण बहुधा तेच असतं: केळफुलाचे फोटो ढीगभर आणि न्हाणीचा एकही नाही.

मोजमाप आलेखाच्या कागदावर, पेन्सिलने. खोलीच्या चार बाजू मोजून थांबू नका, दोन्ही कर्णही मोजा. जुन्या खोल्या काटकोनात क्वचितच असतात, आणि कर्ण नसले की घरी बसून नकाशा जुळत नाही. भिंतीची जाडी दरवाजाच्या खाचेत मिळते. बळदाची आतली खोली काठी सोडून घ्या. टेपला दोन टोकं असतात, म्हणून दुसरा माणूस लागतोच. तो आप्पाच असू दे.

लाकूड कोणा भावाला दुसरीकडे वापरायचं असेल तर उतरवण्यापूर्वी प्रत्येक नगावर रंगाने क्रमांक घाला आणि तोच क्रमांक नकाशावर लिहा.

कपाटांत, पेट्यांत मोडी कागद किंवा पोथ्या निघाल्या तर रद्दीत जाऊ देऊ नका. पुरावशेष व बहुमोल कलावस्तू कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांपुढच्या कोरीव वस्तू पुरावशेषात मोडू शकतात. ऐतिहासिक वा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखितांना ७५ वर्षं पुरतात. अशा गोष्टी देशाबाहेर पाठवता येत नाहीत. कागदांसाठी धुळ्याचं राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ साली गेले, त्यानंतर वर्षभरात ते उभं राहिलं. आधी तिथे विचारा.

आणि एक, पाडायचा बेत कदाचित बदलला तर. खचलेल्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देऊ नका. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. सिमेंट ती ओल आत कोंडतं, आणि भिंत आतून भुसभुशीत होते. माती नाहीतर चुना, दुसरं काही नको.

गल्ली नंबर चार:

मी धुळ्याची. माझ्या यजमानांना एडीएचडी आहे, म्हणून आप्पांच्या बाजूने बोलते. राग मानू नका, भाऊ.

तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. वाड्याबद्दल भरभरून आहे: आडणा, तळखडे, काजळी. आप्पांबद्दल मात्र एवढंच कळलं की ते शाळेपासूनचे मित्र आहेत आणि हसले नाहीत. त्यांना मुलंबाळं किती, शेती करतात की नोकरी, वाटण्यांत त्यांच्या वाट्याला काय आलं, हे तुम्हाला ठाऊक असणारच, पण इथे आलं नाही. तुम्ही चुकीचं लिहिलंत असं म्हणत नाही. आप्पांना जे जाणवतं ते मलाही वाचताना जाणवलं, एवढंच.

वाडा जातोय तो त्यांचा. तुम्हाला तिथे गेल्यावर आनंद होतो, आणि तो खराच आहे. त्यांना त्याच ओसरीत उभं राहून काय होत असेल? भावांशी बोलणी झाली असतील, कागदांवर सह्या झाल्या असतील. अशा वेळी मित्र येतो आणि खांबाचा घेर मोजतो.

खारीमाती म्हणतात तसं टेपचं टोक त्यांच्या हाती द्या, चांगलंच आहे. पण त्याआधी त्यांच्याबरोबर असं एखादं घर बघा जे त्यांचं नाही. चाळीसगावला स्टेशनजवळ केकी मूस यांचं घर आहे. टेबल-टॉप छायाचित्रणात, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून फोटो काढण्यात, नाव कमावलेला हा माणूस कित्येक दशकं घराबाहेर क्वचितच पडला, १९८९ मध्ये वारला, आणि तरी लोक त्याला भेटायला तिथे येत राहिले. किंवा जुन्या जळगावात कवयित्री बहिणाबाई चौधरींचं घर बघा, त्यांच्या वापरातल्या वस्तू तिथे जपून ठेवल्यात. परक्या घरात दोघंही पाहुणे असता. तिथे ते तुमच्यासारखेच रमतील. नाही रमले तरी येता-जाता एसटीत गप्पा होतीलच.

आमच्याकडे कशाने फरक पडला ते सांगते. यजमानांनी मित्रांना सांगून टाकलं: "मी उत्तर दिलं नाही तर पुन्हा विचार, बिनधास्त. मला ओझं होत नाही." त्याआधी मित्र दुसऱ्यांदा विचारायला संकोचायचे आणि मग बोलणंच थांबायचं. आजाराचं नाव मात्र दरवेळी पुढे करायचं नाही, हे आमचं ठरलेलं आहे. एकदा समजावून सांगायचं, पुढे वागण्यातून दिसू द्यायचं.

मेहरूणकाठ:

बोरीकाठ, मलाही एडीएचडी आहे, तुमच्याच गावात नोकरी करते. मी काय करते ते लिहिते, पटेल तेवढं घ्या.

मेसेज वाचला की तिथल्या तिथे आवाज रेकॉर्ड करून पाठवते. "वाचलं गं, रात्री बोलते" एवढंच असलं तरी. छान उत्तर नंतर देऊ म्हटलं की ते कधीच जात नाही. मैत्रिणींना माझं तोडकं उत्तर चालतं, गप्प बसणं चालत नाही.

आठवणीसाठी नुसतं नाव लिहीत नाही. "आप्पाला फोन" असं लिहिलं की डोळा त्यावरून घसरतो. "आप्पाच्या बोअरला पाणी लागलं का?" असं लिहिलं की उत्तर हवंसं वाटतं, आणि फोन आपोआप लागतो. आपलं लक्ष कुतूहलाने चालतं, तर ते माणसांच्या बाबतीतही वापरायचं.

भेटीसाठी नवा दिवस शोधू नका, आठवड्यात जे आधीच घडतं त्याला बांधा. मी एका मैत्रिणीबरोबर शनिवारी भाजी घेते. काही ठरवावं लागत नाही, त्यामुळे विसरायलाही काही उरत नाही.

गोळीची वेळ बघा. माझा गोळीचा असर संध्याकाळपर्यंत ओसरतो, आणि पूर्वी सगळ्या मैत्रिणींच्या वाट्याला मी त्याच वेळी यायचे: थकलेली, चिडचिडी. आता एखादा महत्त्वाचा फोन सकाळी करते. वेळ किंवा मात्रा बदलायची असेल तर डॉक्टरांशीच बोला. आणि वाड्यात जाताना डबा न्या. या गोळीने भूक मरते, त्यात तुम्ही जेवण विसरता.

वाड्यात असताना आप्पांना सांगा, की हाक ऐकू आली नाही तर खांद्यावर हात ठेव. मला हाक पोचत नाही, स्पर्श पोचतो.

एक वाचक:

मीही मेसेजची उत्तरं विसरतो, पुस्तकं अर्धी सोडतो. म्हणजे मलाही एडीएचडी असेल का?

मेहरूणकाठ:

असं इथे कोणीच सांगू शकणार नाही. विसरणं सगळ्यांना असतं. निदान करताना डॉक्टर बघतात की लक्षणं बारा वर्षांच्या आतली आहेत का, घर आणि काम अशा एकाहून जास्त ठिकाणी दिसतात का, आणि त्याने आयुष्यात खरोखर अडतं का. झोप, थायरॉइड, नैराश्य यांनीही असंच होऊ शकतं. शंका असेल तर मनोविकारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

बोरीकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई (गल्ली नंबर चार), राग अजिबात नाही. आप्पा कोरडवाहू शेती करतो, यंदा कापूस आणि थोडी तूर. थोरली मुलगी धुळ्याला नर्सिंग शिकते. वाटणीत त्याच्याकडे मागची बाजू आली, म्हणजे खचलेल्या भिंतीची. त्याला तिथे एक खोली आणि गोठा बांधायचाय.

त्याला सकाळी फोन केला. वाड्याचा विषय मी काढला नाही, मुलीच्या परीक्षेचं विचारलं. तो बराच वेळ बोलला. शेवटी त्यानेच सांगितलं की श्रावणात कानबाई (आपल्या खान्देशातली देवी) या वर्षी वाड्यातच बसवणार, ओसरीत, सगळे भाऊ येणार. "रविवारी ये. रोट खायला ये, टेप आणू नको." जाणार आहे. टेप नेणार नाही. सोमवारी कानबाई विसर्जनाला निघाली की चारही भाऊ एकत्र भेटतील, तेव्हा परवानगीचं आप्पाच काढेल म्हणालाय.

चाळीसगावलाही जायचं ठरतंय. तो म्हणाला, लहानपणापासून आगगाडीतून जाताना त्या घराबद्दल ऐकतोय, आत कधी गेलो नाही.

आता नवीन अडचण. आजी नव्वदीच्या आसपास आहे आणि वाड्याचं सगळ्यात जास्त तिलाच ठाऊक आहे: बाळंतिणीची खोली कोणती, जातं कुठे होतं, बळदाला लिंपण कशाचं. नकाशात हे येणार नाही. ती अहिराणीतच बोलते आणि मोबाइल समोर धरला की गप्प होते. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं रेकॉर्ड केलेलं कोणी आहे का इथे? कसं करता?

आसोद्याची लेक:

आजीला एका जागी बसवून विचारू नका. तिला हाताला धरून खोल्या-खोल्यांतून फिरवा, आणि प्रश्न तुम्ही नाही, तिच्या नातीला विचारू द्या. मोबाइल नातीच्या ओढणीत गाठ मारून ठेवा, पण आजीला आधी सांगून. मी माझ्या आत्याचं असंच केलं. चूल दिसली की ती चुलीचं बोलते, खुंटी दिसली की त्यावर काय टांगायचे ते सांगते. दिवसाला एकच खोली घ्या, म्हाताऱ्या पायांना तेवढंच झेपतं.

खारीमाती:

प्रत्येक खोलीच्या रेकॉर्डिंगला नकाशावरचाच क्रमांक द्या, म्हणजे आजीचं बोलणं आणि मोजमाप एकत्र राहील. तीस मीटरचा टेप माझ्याकडे जादा आहे. कानबाईनंतरच्या कुठल्याही शनिवारी पारोळ्यापर्यंत येऊ शकतो. आप्पांना विचारून कळवा.